विश्लेषण : काइटबोर्डिंग शिकायला श्रीलंकेतील कल्पिटियाच का? वारा, खर्च, विमा आणि धोक्याचे गणित काय?

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जलक्रीडा बंद होतात, त्याच सुमारास श्रीलंकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कल्पिटिया या मच्छीमारांच्या गावात काइटबोर्डिंगचा हंगाम भरात येतो. मुंबईहून कोलंबो थेट विमानाने साधारण अडीच तासांवर. त्यामुळे सहल आणि नवा खेळ असा दुहेरी बेत आखणाऱ्यांना हे ठिकाण सोयीचे वाटते. पण समाजमाध्यमांवर दिसणारी ती उंच उडी आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर पर्यटकाला प्रत्यक्षात येणारे कौशल्य यांत बरेच अंतर आहे. हा खेळ चालतो कसा, तो कुठे आणि किती दिवसांत शिकता येतो, पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, याविषयी...

काइटबोर्डिंग म्हणजे नेमके काय?

पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि त्या पट्ट्याला २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्यांनी जोडलेला मोठा पतंग. पतंग वाऱ्यावर ओढतो, फळीची कड पाण्याला धरून राहते आणि या दोन्हींच्या ताणातून माणूस पाण्यावर सरकतो. काइटसर्फिंग हे याच खेळाचे दुसरे नाव. लाटांवर खेळताना ते अधिक वापरले जाते, इतकेच.

पतंगाच्या ताकदीने काहीतरी ओढायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. पाण्यात मात्र अडचण वेगळी होती. पतंग एकदा पाण्यात पडला की तो पुन्हा उडवायचा कसा? फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४मध्ये पेटंट घेतलेल्या पतंगाने हे कोडे सोडवले. त्याच्या पुढच्या कडेत आणि आडव्या फासळ्यांत हवा भरलेली असते. त्यामुळे तो बुडत नाही आणि दोरी ओढून पाण्यावरूनच पुन्हा उचलता येतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हवाईतील माउई बेटावरून हा खेळ जगभर पसरला.

ऑलिम्पिकची कहाणी थोडी गमतीची आहे. जागतिक नौकानयन महासंघाने मे २०१२मध्ये विंडसर्फिंगच्या जागी काइटबोर्डिंग घ्यायचे ठरवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. अखेर पॅरिस २०२४मध्ये, मार्सेच्या समुद्रात, या खेळाने ऑलिम्पिक पदार्पण केले. ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस यांनी सुवर्णपदके जिंकली. सिंगापूरचा मॅक्स मेडर १७व्या वर्षी कांस्यपदकाचा मानकरी ठरला. अर्थात तिथे फळीखाली पाण्यात बुडालेले पाते, म्हणजे हायड्रोफॉइल असते. पर्यटक शिकतो ती साधी, दोन्ही बाजूंनी सारखी असणारी फळी.

संक्रांतीचा पतंग उडवता येत असेल तर उपयोग होतो का?

थोडा होतो, आणि एका बाबतीत तोटाही. वारा कुठून येतो, झुळूक कधी पडते, पतंग गोता खाण्याआधी कसा डगमगतो, हे ज्याला हाताला कळते त्याचा पहिला तास इतरांपेक्षा सोपा जातो. पण आपल्या पतंगाला दोरी एक. इथे साधारण चार. मधल्या दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला जोडलेल्या असतात आणि सगळा भार कमरेच्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर आणतात. बाजूच्या दोन दोऱ्या हातातल्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे बारच्या टोकांना असतात. डावे टोक ओढले की पतंग डावीकडे, उजवे ओढले की उजवीकडे.

बार स्वतःकडे ओढला की पतंगाची मागची कड खाली येते, तो अधिक वारा पकडतो आणि ताकद वाढते. बार दूर सारला की ताकद कमी होते. संक्रांतीच्या भाषेत सांगायचे तर बार दूर सारणे म्हणजे ढील देणे. गंमत अशी की घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. पतंगाने हिसका दिला की तो हाती लागेल ते घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. त्याने पतंग आणखी जोरात ओढू लागतो, माणूस आणखी घट्ट धरतो. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाच्या तोंडी एकच वाक्य शंभरदा असते : बार सोडा. डोक्याला हे पाच मिनिटांत पटते, हातांना पटायला दोन दिवस लागतात.

मांजाची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावी. या दोऱ्यांना काच लावलेली नसते, पण त्या अत्यंत बारीक आणि मजबूत तंतूच्या असतात. ताण आल्यावर बोट, मनगट किंवा घोटा त्यांच्या वेढ्यात सापडला तर जखम खोल होते. दोरी हाताला गुंडाळायची सवय फिरकीबरोबर घरीच ठेवलेली बरी.

‘विंड विंडो’ ही काय भानगड आहे?

संपूर्ण प्रशिक्षणातील सर्वात महत्त्वाची कल्पना हीच. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या समोर, दोऱ्यांच्या लांबीइतक्या अंतरावर, पाव गोलाच्या आकाराचे आकाश आहे असे समजा. पतंग फक्त त्या भागातच उडू शकतो. प्रशिक्षक त्यावर घड्याळ बसवतात. डोक्याच्या वर १२, डाव्या हाताला ९, उजव्या हाताला ३. या कडेवर पतंग असला की तो शांत असतो, ओढ कमी. तोच पतंग समोरच्या मधल्या भागात, खाली आला की पूर्ण ताकदीने ओढतो. या भागाला ‘पॉवर झोन’ म्हणतात.

फळीवर उभे राहण्यासाठी पतंगाला १२ वरून मुद्दाम या भागात खाली बुडी मारायला लावतात. त्या एका झटक्यात शरीर पाण्यातून वर येते. झटका कमी पडला तर माणूस पुन्हा पाण्यात बसतो, जास्त झाला तर फळी मागे राहते आणि तो तोंडावर पुढे जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवशिक्यांच्या नाकातोंडात पाणी जाते ते इथेच.

वाऱ्याच्या जोराचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर वाऱ्यात आटोक्यात असलेला पतंग २४ नॉटच्या झोतात चौपट जोर लावतो. म्हणून वारा जितका जास्त तितका पतंग लहान. साधारण ७५ किलो वजनाच्या व्यक्तीला मध्यम वाऱ्यात १२ चौरस मीटरचा पतंग लागतो, वारा वाढला की ९ चा, त्याहून वाढला की ७ चा.

मग कल्पिटिया का? आपला समुद्र का नाही?

वारा तोच आहे, हे आधी सांगायला हवे. जून महिन्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माड वाकवणारा नैऋत्य मोसमी वाराच श्रीलंकेच्या दिशेने जातो. फरक भूगोलाचा आहे. कोकणात हा वारा ढग, मुसळधार पाऊस, वादळी झोत आणि उंच लाटा घेऊन थेट किनाऱ्यावर आदळतो. झोत कधी वाढेल याचा भरवसा नसतो, समोरचे दिसत नाही आणि मदतीला बोट नसते. मोसमी काळात मासेमारीही बंद असते, ती काही हौस म्हणून नाही.

श्रीलंकेत पाऊस प्रामुख्याने बेटाच्या नैऋत्य भागात आणि मधल्या डोंगरांच्या वाऱ्याकडच्या उतारांवर पडतो. वायव्येला पुत्तलम आणि मन्नारचा पट्टा कोरडा राहतो. वारा मात्र तिथे भरपूर असतो, कारण भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातातून तो वेगाने वाहतो. मन्नार बेटावर श्रीलंकेच्या वीज मंडळाचा १०० मेगावॉटचा ‘तंबपवनी’ पवनऊर्जा प्रकल्प उभा आहे, तो याच वाऱ्यावर.

कल्पिटिया हा लांबट, चिंचोळा द्वीपकल्प. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला पुत्तलमचे खाजण. मध्ये वाळूच्या अरुंद पट्ट्या. वारा त्या पट्ट्यांवरून विनाअडथळा येतो, लाटा मात्र बाहेर अडतात. त्यामुळे आत पाणी सपाट आणि अनेक ठिकाणी कमरेइतके किंवा छातीइतके खोल. नवशिक्याला हेच हवे असते. पतंग पडला तरी पाय टेकवून उभे राहता येते, प्रशिक्षक शेजारी चालत येऊ शकतो.

हंगाम दोन आहेत. मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नैऋत्येचा जोरदार वारा, आणि डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत ईशान्येचा, तुलनेने मवाळ वारा. जोरदार हंगामात वारा नसलेला दिवस क्वचित येतो, पण लहान पतंगही चपळ असतो आणि चुकीला माफी कमी मिळते. ज्यांना मुळात पाण्याची थोडी धास्ती आहे त्यांनी हिवाळ्याचा विचार करावा, मग एखाद-दुसरा दिवस वाऱ्याविना वाया गेला तरी चालेल.

भारतात पर्याय नाहीतच असे मात्र नाही. मन्नारच्या आखाताच्या पलीकडच्या काठावर आपले रामेश्वरम आहे आणि वाऱ्याचे वेळापत्रक जवळपास तेच. तिथे काइटबोर्डिंग शिकवले जाते. गोव्यात मोरजी, अश्वेच्या पट्ट्यात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर हा खेळ चालतो, पण तो वारा हलका आणि काही तासांपुरता. पहिल्यांदा शिकणाऱ्याने केवळ परदेश म्हणून कल्पिटियाला जाण्याची गरज नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. कल्पिटियाची जमेची बाजू म्हणजे एकाच गावात बऱ्याच शाळा असल्याने दर, प्रशिक्षक आणि साहित्य यांची निवड करता येते, आणि सपाट पाणी हाताशी आहे. रामेश्वरमची जमेची बाजू म्हणजे पारपत्र, व्हिसा आणि परकी चलन यांपैकी काहीच लागत नाही.

इतर देशांतील प्रसिद्ध ठिकाणे नवशिक्यांसाठी कशी?

नावाला भुलू नये. स्पेनमधील तारिफा युरोपातील काइटबोर्डिंगची राजधानी मानले जाते, पण तिथला पूर्वेचा ‘लेव्हान्ते’ वारा झोतांचा असतो आणि अनेकदा समुद्राकडे ढकलतो. केप टाउनचा उन्हाळी वारा मुरलेल्यांसाठी. व्हिएतनाममधील मुई ने स्वस्त आहे, नोव्हेंबर ते मार्चमध्ये वाराही नेमाने येतो, मात्र पाण्यात लाटा असतात. झांझिबारच्या पाजे किनाऱ्यावर प्रवाळभित्तीच्या आत उथळ, सपाट पाणी मिळते, पण ओहोटीला समुद्र दूर जातो आणि उघड्या पडलेल्या भागात काटेरी सागरी अर्चिन असतात. इजिप्तमध्ये लाल समुद्राकाठचे एल गुना उथळ पाण्यामुळे शिकायला उत्तम. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर दुबईचा ‘काइट बीच’ घराजवळच आहे.

तीन दिवसांत खरोखर शिकता येते?

‘शिकणे’ म्हणजे काय यावर उत्तर अवलंबून आहे. बहुतेक शाळा नऊ ते बारा तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन ते पाच दिवसांत विभागून देतात. २००१मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना, म्हणजे आयकेओ, कौशल्याचे टप्पे ठरवते आणि प्रत्येक टप्प्याची नोंद करते. जर्मनीची व्हीडीडब्ल्यूएस ही संस्थाही अशीच पद्धत वापरते.

पहिल्या दिवशी फळीला हात लागत नाही. वाऱ्याची दिशा ओळखणे, पतंगात हवा भरणे, दोऱ्या न गुंतवता मांडणे, सुरक्षा यंत्रणा पुन्हा पुन्हा सोडून पुन्हा जोडणे, छोटा पतंग एका हाताने स्थिर धरणे. दुसऱ्या दिवशी ‘बॉडी ड्रॅगिंग’. म्हणजे पतंगाला लटकून पालथ्या अंगाने पाण्यातून ओढले जाणे. हे हास्यास्पद दिसते आणि अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. पण पुढे फळी पायांतून निसटून वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहते, तेव्हा ती परत आणण्याचा हाच एक मार्ग असतो. एक हात पाण्यात सुकाणूसारखा रोवून नागमोडी वळणांनी वाऱ्याविरुद्ध सरकायचे. हे न येणारा माणूस प्रत्येक वेळी फळी हरवतो आणि प्रशिक्षकाचा निम्मा वेळ ती आणण्यात जातो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फळी मिळते. पाण्यात बसून, पाय पट्ट्यांत अडकवून, पतंगाची बुडी आणि उठणे. बहुतेकांना दहा-वीस मीटरची पहिली सरक इथे मिळते. त्यानंतरचा खरा अडसर म्हणजे वाऱ्याच्या वरच्या दिशेने जाणे. ते जमेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर माणूस वाऱ्याबरोबर खाली सरकत जातो आणि पतंग सांभाळत, फळी काखेत मारून किनाऱ्यावरून परत चालत येतो. जगभरच्या काइटबोर्डरांना ही पायपीट ओळखीची आहे. जिथून निघालो तिथेच परत येता आले की माणूस स्वतंत्र झाला असे मानतात. त्यासाठी अभ्यासक्रमानंतरही देखरेखीखालचे आणखी काही दिवस लागतात.

म्हणून पाच दिवसांच्या सहलीत प्रशिक्षण, डॉल्फिन दर्शन, डच किल्ला आणि कँडी असा बेत आखणाऱ्यांची निराशा ठरलेली. किमान सात-आठ दिवस हाती असावेत. हात नव्हे तर कंबर, पोटऱ्या आणि मान दुखते, त्यामुळे मधला एक दिवस विश्रांतीचा लागतोच. फार ताकद मात्र लागत नाही. भार हार्नेस घेतो. किशोरवयीन मुले आणि साठी ओलांडलेली माणसेही शिकतात. पोहता येणे मात्र आवश्यक, आणि ते तरणतलावापुरते नव्हे तर खोल पाण्यात घाबरून न जाण्याइतके.

धोका नेमका कुठे असतो?

खोल समुद्रात नव्हे, किनाऱ्याजवळ. गंभीर अपघातांचा नेहमीचा प्रकार असा : पतंग उडवताना किंवा उतरवताना झोत येतो, माणूस उचलला जातो आणि वाळू, खडक, भिंत, झाड किंवा उभ्या बोटीवर आदळतो. पाण्यात पडलेला माणूस भिजतो, जमिनीवर पडलेल्याचे हाड मोडते. त्यामुळे वाऱ्याच्या खालच्या बाजूला किमान दोन दोऱ्यांच्या लांबीइतकी, म्हणजे ५० मीटरच्या आसपास मोकळी जागा असल्याशिवाय पतंग उडवायचा नाही. हेल्मेट आणि मार झेलणारे जाकीट घातलेच पाहिजे. शाळा ते देत नसेल तर ती शाळा नको.

दुसरा धोका वाऱ्याच्या दिशेचा. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामी येतात. समुद्राकडून तिरका किंवा किनाऱ्याला समांतर येणारा वारा सुरक्षित, कारण काही बिघडले तर तो माणसाला जमिनीकडे आणतो. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा दिसायला गोड असतो. पाणी सपाट दिसते, किनाऱ्यावर फारसा जोर जाणवत नाही. पण दोरी तुटली, पतंगातली हवा गेली किंवा वारा पडला तर माणूस आत आत वाहत जातो. बचाव नौका तयार नसेल तर अशा वाऱ्यात नवशिक्याने पाण्यात उतरू नये.

सुरक्षा यंत्रणेच्या तीन पायऱ्या आहेत. आधी बार सोडणे, त्याने बहुतांश ताकद जाते. त्याने भागले नाही तर हार्नेसजवळची लाल रंगाची ‘क्विक रिलीज’ दाबणे, मग पतंग एकाच दोरीवर फडफडत पाण्यात पडतो. तरीही ओढतच राहिला, तर शेवटची दोरी, लीश, सोडून पतंगाला रामराम ठोकणे. महागडा पतंग वाहून जाईल या भीतीने तिसरी पायरी टाळणारे असतात. भाड्याच्या साहित्याच्या नुकसानीचा दर आधीच लेखी ठरवून घ्यायला हवा तो याचसाठी. पतंग गेला तर किती भरावे लागेल हा हिशेब पाण्यात, ओढले जात असताना करायचा नसतो.

पैसे भरण्यापूर्वी शाळेला काय विचारावे?

पहिला प्रश्न, एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती. दोघांत एक पतंग ही व्यवस्था वाईट नाही. एकाला दम लागतो तेव्हा दुसरा उडवतो, शिवाय दुसऱ्याच्या चुका पाहून शिकता येते. चौघांत एक प्रशिक्षक असेल तर मात्र तुम्ही भरलेल्या दहा तासांपैकी पतंग तुमच्या हाती किती वेळ असेल, याचा हिशेब मांडा. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे का, तो हेल्मेटमधील रेडिओवरून बोलतो की लांबून हातवारे करतो, बोट कुठे उभी असते, वारा न आल्यास उरलेल्या तासांचे पैसे परत मिळतात की नाही, हेही विचारावे. भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. हिसका बसतो तेव्हा इंग्रजीतील वाक्य डोक्यात अनुवादित करायला वेळ नसतो. पाण्यात उतरण्यापूर्वी ‘सोडा’, ‘थांबा’, ‘वर न्या’ यांसाठीचे शब्द आणि खुणा पक्क्या करून घ्याव्यात.

पूर्ण प्राथमिक अभ्यासक्रमाला काही शे युरो किंवा डॉलर लागतात. त्यात साहित्य धरलेले असते, निवास आणि जेवण बहुधा वेगळे. शाळेच्या तंबूत राहण्याची सक्ती नसते, गावातल्या साध्या निवासात खर्च कमी होतो. स्वतःचे साहित्य विकत घेऊन जाण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळावा. विमानात त्याचे वजन महाग पडते आणि शिकताना जो पतंग लागतो तो पुढे उपयोगी पडेलच असे नाही. पहिल्याच दिवशी भाड्याच्या पतंगाचे, शिवणीचे आणि ठिगळांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर नंतरचे वाद वाचतात.

प्रवास विमा पुरेसा असतो का?

बहुतांश वाचकांच्या खिशाला सर्वात मोठी चाट इथेच बसू शकते. विमान तिकिटाबरोबर एका टिचकीत घेतलेल्या अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात. ‘जलक्रीडा’ हा शब्द दिसला म्हणून समाधान मानू नये. काइटबोर्डिंग किंवा काइटसर्फिंग असा उल्लेख आहे का, ते पॉलिसीच्या मूळ मजकुरात शोधावे. नसेल तर विमा कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. फोनवरचे ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी सापडत नाही.

आणखी एक बारकावा. काही पॉलिसींमध्ये असे खेळ प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली असतील तरच संरक्षण मिळते. म्हणजे चौथ्या दिवसापर्यंत, प्रशिक्षकासोबत असताना तुम्ही सुरक्षित. पाचव्या दिवशी पतंग भाड्याने घेऊन एकटे पाण्यात गेलात की विम्याच्या बाहेर. जेव्हा आत्मविश्वास सर्वाधिक आणि कौशल्य अर्धवट असते, नेमका तोच हा दिवस. हाड मोडले तर कल्पिटियाहून कोलंबोतील मोठ्या रुग्णालयापर्यंत रस्त्याने काही तास लागतात. रुग्णवाहिका, शस्त्रक्रिया आणि मायदेशी परतीचा खर्च यांची मर्यादा पाहूनच विमा निवडावा. शाळेत पाण्यात उतरण्यापूर्वी सही करायला लावतात तो कागद बहुधा शाळेची जबाबदारी मर्यादित करणारा असतो, तुमचा विमा नव्हे.

श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. तिकीट काढण्यापूर्वी तिथल्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते तपासावे. अधिकृत दिसणाऱ्या दलाल संकेतस्थळांचा सुळसुळाट आहे.

स्थानिकांचे काय?

ज्या खाजणात पर्यटक शिकतात तेच मच्छीमारांचे कामाचे ठिकाण आहे. पाण्यात जाळी, खुंट आणि छोट्या होड्या असतात. जाळ्यात अडकलेली फळी ही पर्यटकासाठी गंमत, मच्छीमारासाठी दिवसाचे नुकसान. कल्पिटिया आणि आसपासच्या बेटांवर मोठा पर्यटन प्रकल्प आणण्याच्या सरकारी योजनेला जमीन आणि मासेमारीच्या हक्कांच्या मुद्द्यावर स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला होता. दुसरीकडे, गावातले तरुण या खेळात प्रशिक्षक आणि मदतनीस म्हणून काम करत आहेत, हेही खरे. होडी दिसली की वाट तिची, पतंग तिच्या डोक्यावरून न्यायचा नाही, हा तिथला साधा शिरस्ता आहे. गाव मुख्यतः मुस्लीम आणि ख्रिश्चन मच्छीमारांचे आहे. पोहण्याच्या कपड्यांत बाजारातून फिरणे तिथे रुचत नाही.

परतल्यावर सराव कुठे करायचा?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यातील दुपारचा वारा बहुतेक दिवस हलका असतो. त्यात १२ ते १४ चौरस मीटरचा मोठा पतंग आणि मोठी फळी लागते, आणि नवशिक्याला तो वारा अनेकदा अपुराच पडतो. गोव्यात फेब्रुवारी ते एप्रिलमधील दुपारी त्यातल्या त्यात बऱ्या. मोरजीला गेल्यास तिथल्या नियमित काइटबोर्डरांना भेटून पतंग कुठून उडवायचा, आंघोळीला उतरणाऱ्यांची गर्दी कुठे असते हे आधी विचारून घ्यावे. पाण्यात दोघे समोरासमोर आले तर उजवा हात पुढे ठेवून येणाऱ्याला वाट द्यायची आणि किनाऱ्यावरून निघणाऱ्याला परतणाऱ्यापेक्षा प्राधान्य, हे नियम गोव्यातही तेच आहेत. सहा महिन्यांहून अधिक खंड पडला असेल तर पुन्हा थेट पतंग भाड्याने घेण्याऐवजी प्रशिक्षकासोबत दोन तासांची उजळणी घ्यावी. बार सोडण्याची सवय हातातून जायला तेवढा काळ पुरतो.